जालन्याचा उजेड

आपल्या कॉलेजच्या २०२४ च्या अंकात, मधल्या रंगीत पानांवर एक फोटो छापला होता. खाली लिंबाचं काळं झाड, वर चांदण्या, आणि उत्तरेच्या क्षितिजाला चिकटून एक लालसर पट्टा. फोटोखाली ओळ होती : ‘जालना जिल्ह्यातून टिपलेला अरोरा, मे २०२४’. फोटो माझा. ओळही माझीच. आणि ती ओळ चूक आहे.

चूक कबूल करायला चार ओळी पुरल्या असत्या. पण ती चूक शोधताना मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं तो फोटो काढताना मिळालं नव्हतं, म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे आहेत. संपादक मंडळाने ते सांभाळून घ्यावेत, बाकीची जबाबदारी माझी.)

आधी अरोरा म्हणजे काय ते सांगते, कारण हॉस्टेलमध्ये अजूनही काहींना तो मेकॅनिकलचा कुणी पंजाबी मुलगा वाटतो. मराठीत त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की विद्युतभारित कणांचा एक प्रचंड लोट बाहेर फेकला जातो. तो पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पृथ्वीभोवती तिचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, ते या लोटाला सरळ आत येऊ देत नाही. पण धक्का जोरदार असेल तर क्षेत्रच हलतं, ताणलं जातं, आणि त्यातले कण ध्रुवांच्या बाजूने वरच्या हवेत शिरतात. तिथल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनवर ते आदळतात आणि त्या वायूंमधून प्रकाश बाहेर पडतो. थोडक्यात, ट्यूबलाइटच, फक्त काचेची नळी नाही.

यातला लाल रंग समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट लाल रंगाची आहे. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटरचा, तो साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर तयार होतो. लाल प्रकाश ६३०.० नॅनोमीटरचा, तो २०० किलोमीटरच्या वर. असं का? तर उत्तेजित झालेल्या ऑक्सिजनच्या अणूला हिरवा प्रकाश सोडायला पाऊण सेकंद लागतो, लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. खाली हवा दाट. दोन मिनिटं थांबायच्या आत दुसरा कुणीतरी येऊन धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो. आपल्या वर्गात एखादा मुलगा डाउट विचारायला दोन मिनिटं तयारी करतो आणि तोवर बेल होते, तसंच. वर हवा विरळ, कुणी धडकत नाही, तिथे लाल प्रकाश निवांत बाहेर पडतो. आणि जी गोष्ट जास्त उंचावर असते ती जास्त लांबून दिसते. म्हणून नॉर्वेत डोक्यावर हिरवा अरोरा दिसतो, पण आपल्यासारख्या दक्षिणेकडच्या माणसाला दिसलाच तर क्षितिजाजवळ लाल.

आता १० मे २०२४. त्या दिवशी शुक्रवार होता आणि अक्षय्य तृतीया होती. माझी पीएल चालू होती, पण आमरस सोडून हॉस्टेलमध्ये अप्लाइड मेकॅनिक्स करत बसायला मी काही एवढी सिन्सिअर नाही. मी अंबड तालुक्यात आबांकडे गेले होते (आबा म्हणजे माझे आजोबा). वर्ष वाईट होतं. २०२३ मध्ये सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात अंबड होतं. आबांची मोसंबीची बाग टँकरवर आणि बोअरच्या करंगळीएवढ्या धारेवर जगत होती. तीन दिवसांवर जालन्याचं मतदान, त्यामुळे पारावर वेगळ्याच गप्पा. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहाला यायची, म्हणून जेवण झालं की आबा बॅटरी घेऊन शेतात जायचे आणि मीही त्यांच्या मागे.

माझ्याकडे माझ्या मावसभावाचा कॅमेरा होता. तो लग्नाचे फोटो काढतो. त्या आठवड्यात त्याच्याकडे नवा आला म्हणून जुना निकॉन, १८-५५ लेन्स आणि एक डुगडुगणारा ट्रायपॉड मला मिळाला. उद्देश साधा होता : तारे गोल फिरताना दिसतात तसा ‘स्टार ट्रेल’चा फोटो काढायचा. अरोरा वगैरे डोक्यातही नव्हतं.

हे कसं करतात ते नीट सांगते, कारण हे आपल्या जिल्ह्यात कुणीही करू शकतं आणि त्याला फार भारी कॅमेरा लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे चंद्र. अमावस्येच्या आसपासचे चार-पाच दिवस निवडायचे. तृतीयेची कोर सव्वानऊच्या सुमारास मावळली, मग मी सुरुवात केली. दुसरी, फोकस. ऑटोफोकस अंधारात नुसता पुढे-मागे करत बसतो, म्हणून तो बंद करायचा. स्क्रीनवर एक ठळक तारा घ्यायचा, दहापट मोठा करून बघायचा आणि लेन्सची रिंग हातानं हळूहळू फिरवून तो तारा बारीकात बारीक टिंब होईल तिथे थांबायचं. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, माझा पहिला तासभर त्या विश्वासात वाया गेलाय. तिसरी, शटर किती वेळ उघडं ठेवायचं. आकाश तासाला १५ अंश फिरतं, त्यामुळे जास्त वेळ ठेवलं की तारा टिंब न राहता रेघ होतो. फोटोवाल्यांचा एक ठोकताळा आहे : ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं. १८ मिलिमीटरची लेन्स, पण छोटा सेन्सर असल्यामुळे दीडपट धरून २७. उत्तर साडेअठरा सेकंद. मी २० ठेवले. ध्रुवाकडे तोंड असेल तर तेवढं चालतं, कारण तिथले तारे छोट्या वर्तुळात, हळू सरकतात. ॲपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे माझ्या लेन्सला एफ ३.५. आयएसओ १६००. बटण बोटानं दाबलं की कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. फोटो रॉमध्ये.

मोबाईलवर करायचं असेल तर प्रो मोडमध्ये हेच सगळं असतं. मोबाईल विटेला टेकवून ठेवला तरी चालतो. नाईट मोड मात्र नको, तो स्वतःच्या मनानं रंग भडक करतो.

आणि ध्रुव शोधायला होकायंत्र लागत नाही. आपण विषुववृत्तापासून जेवढे अंश उत्तरेला, तेवढाच ध्रुव क्षितिजापासून वर. जालना १९.८ अंशांवर आहे, म्हणजे ध्रुव २० अंश वर. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची होते. क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, वर ध्रुव. आबांची पद्धत याहून सोपी आहे. आमच्या शेतातून जालना सरळ उत्तरेला, ३०-३५ किलोमीटरवर. ते म्हणतात, “ध्रुव नेहमी जालन्यावर असतो.” मला हे वाक्य तेव्हा फक्त गोड वाटलं होतं.

मी ९.४० ला सुरू केलं. वीस-वीस सेकंदांचे ९० फोटो, १०.१२ ला संपले. तेवढ्या वेळात तारे आठ अंश फिरतात. बॅटरी संपली, लाईट आली होती, आबा मोटर चालू करून परत आले आणि म्हणाले, “चल माय, अंधारात बसू नकोस, इचूकाट्याचं हाये.” आम्ही घरी आलो. मी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ग्रुपवर एकच धमाल. आदल्या रात्री पृथ्वीवर २००३ नंतरचं सगळ्यात मोठं सौरवादळ येऊन गेलं होतं. जी-५ म्हणजे मोजपट्टीवरची शेवटची पायरी. मेक्सिको आणि फ्लोरिडापर्यंत अरोरा दिसला होता. आणि भारतात, लडाखमध्ये हानले इथे, ४५०० मीटर उंचीवरच्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यानं आकाशात लाल प्रकाश पकडला होता! मी धावत जाऊन कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. माझ्या नव्वदच्या नव्वद फोटोंत उत्तरेला लाल पट्टा होता.

तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी एवढं तरी केलं होतं की वेळ तपासली. वादळ पृथ्वीवर कधी आदळलं? तर १७.०५ ला. माझा फोटो ९.५२ चा, म्हणजे २१.५२. वादळ येऊन पावणेपाच तास झालेले. झालं! मी फोटो मोठा करून आबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, “हा तं जालन्याचा उजेड. रोज असतो.”

मी हसले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, असं ते हसणं होतं. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

फोटो कॉलेजमध्ये फिरला, अंकात छापून आला, मेसच्या काकांनीसुद्धा “तुमचा तो लाल फोटो” म्हणून विचारलं. डिसेंबरमध्ये सेकंड इयरच्या सेमिनारला मी हाच विषय घेतला. फिजिक्सच्या सरांनी फक्त एक सूचना केली : एकाच पट्टीवर सगळ्या वेळा मांड. सूर्यावरचे स्फोट, वादळाची सुरुवात, हानलेचा फोटो, तुझा फोटो. मी ग्राफपेपर घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले. हानलेच्या वेळा भारतीय होत्या. वादळाची १७.०५ ही वेळ कुठली? तर जागतिक वेळ, यूटी. त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात हे आपण पाचवीच्या भूगोलात शिकतो. १७.०५ अधिक ५.३० बरोबर रात्रीचे १०.३५.

माझा शेवटचा फोटो १०.१२ चा आहे. वादळ पोचलं तेव्हा मी कॅमेरा पिशवीत घालून घरी पाणी पीत होते.

मग मी वकिलासारखं स्वतःच्याच बाजूनं भांडायला लागले. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल? ते होतंच, पण चार मिनिटं पुढे. हे कळलं कारण बॅटरी संपल्यावर मी मावसभावाला मेसेज टाकला होता आणि त्याची वेळ मोबाईलमध्ये होती. चार मिनिटं माझ्या बाजूची नव्हेत, उलट विरुद्धच. वादळाची वेळ चुकीची असेल? शक्यच नाही. सूर्याकडून आलेला लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की क्षेत्र एकदम दाबलं जातं आणि जगभरच्या चुंबकमापकांवर जवळजवळ एकाच मिनिटाला उडी दिसते. या कामासाठी अलिबागला आपली स्वतःची वेधशाळा आहे, शंभराहून जास्त वर्षांची.

इथे मला थोडं विषयांतर करायचं आहे, कारण हा भाग मला कुणी शाळेत सांगितला नाही आणि सांगायला हवा होता.

मुंबईत कुलाब्याला कंपनी सरकारनं १८२६ मध्ये वेधशाळा काढली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेचे प्रमुख होते. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी मिसरूड फुटायच्या वयात तिथे नोकरी केली. तेव्हा आपोआप नोंदणारं यंत्र नव्हतं, माणसं दुर्बिणीतून काट्याची जागा बघून वहीत आकडा लिहायची. २ सप्टेंबर १८५९ ला, इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या सौरवादळात, कुलाब्याच्या वहीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची नोंद झाली. आपल्याकडे हा घटक सुमारे ३८ हजारांचा असतो, म्हणजे चार टक्के घट. मे २०२४ मध्ये जगाची सरासरी घट चारशेच्या आसपास होती, त्यावरून अंदाज करा. मुंबईत तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले, त्यामुळे आकाशात बघायला काही नव्हतं. पण ती वही राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना वगैरे संशोधकांनी ते आकडे पुन्हा काढले, आणि आज १८५९ चं वादळ किती मोठं होतं हे जगाला सांगायचं असेल तर कुलाब्याचा आलेख दाखवतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे मोजणी बिघडणार, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय काम १९०४ पासून अलिबागला हलवलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजलं, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता येतील. अलिबागच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. कुलाबा किल्ला बघायला आपण ट्रिपला जातो तेव्हा किनाऱ्यालगत तिच्या जवळूनच जातो आणि भेळ खातो.

आणि आता मुख्य गोष्ट. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईत अरोरा दिसल्याचं त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापून आलं आहे, आणि त्याच वेळी तारायंत्राचे संदेशही विस्कळीत झाले होते. मुंबई १९ अंशांवर, जालना त्याहून जरा उत्तरेलाच. म्हणजे ‘जालन्यातून अरोरा’ हे वाक्य मुळात अशक्य नाही. म्हणूनच मी एवढी फसले. अशक्य गोष्ट असती तर मलाही शंका आली असती.

तर मग प्रश्न असा : समजा माझी वेळ बरोबर असती, तरी तो पट्टा अरोरा असू शकला असता का? हे गणित इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या महिन्यातलं आहे. एक गोल काढा, त्रिज्या ६३७१ किलोमीटर. लाल प्रकाश ४०० किलोमीटर उंच धरा, म्हणजे तो केंद्रापासून ६७७१ वर. जालन्यावर उभं राहून क्षितिजाकडे स्पर्शिका काढली तर ती त्या ४०० किलोमीटरच्या कवचाला किती अंश लांब गाठते? ६३७१ भागिले ६७७१, त्याचा व्यस्त कोसाइन, उत्तर जवळजवळ २० अंश. म्हणजे जालन्याच्या अगदी क्षितिजावर लाल रेघ दिसायला ती ४० अंश उत्तरेला पोचलेली हवी, चीनमधल्या काशगरच्या डोक्यावर. नकाशा काढून बघा, काशगर जालन्याच्या बरोबर उत्तरेला आहे.

पण माझा पट्टा रेघ नव्हता. तो ध्रुवाच्या निम्म्या उंचीपर्यंत आला होता, म्हणजे एक मूठ, दहा अंश. तेच गणित दहा अंशांसाठी केलं की अंतर २० वरून १२ अंशांवर येतं. तो प्रकाश ३२ अंशांवर, म्हणजे हिमाचल-लडाखच्या डोक्यावर असायला हवा. हानले ३२.८ अंशांवर आहे. माझा फोटो खरा असता तर हानलेच्या लोकांना तो डोक्यावर दिसला असता. त्यांच्या कॅमेऱ्यात तो उत्तरेच्या क्षितिजाच्या बाजूला होता. म्हणजे लडाखला जे लांब होतं ते मला अंबडहून जवळ दिसत होतं, असा माझा दावा!

एवढं होऊनही मनात एक किडा होताच. गणित झालं, पण तो लाल रंग कुठून आला? शहराचा उजेड पिवळा-पांढरा असतो, आपण त्यातच राहतो. जानेवारी २०२५ मध्ये संक्रांतीला गावी गेले तेव्हा परीक्षा घ्यायचं ठरवलं. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तीच जागा. लिंबाच्या झाडापासून अठरा पावलं, आबांनी मोजून दिली. तेच आकडे : २० सेकंद, एफ ३.५, आयएसओ १६००. सौरवादळ काही नाही. मे महिन्यात वर दिसणारे सप्तर्षी या वेळी जमिनीला टेकलेले, वायव्येला शर्मिष्ठा. म्हणजे आकाश पूर्ण वेगळं. आणि खाली, लिंबाच्या त्याच फांदीमागे, तोच पट्टा. थोडा फिका, थोडा पिवळा, पण आकार तोच.

खरं म्हणजे मेचे नव्वद फोटो नीट बघितले असते तरी कळलं असतं. अर्ध्या तासात पट्टा तसूभर बदलला नव्हता. अरोरा काही मिनिटांत रूप बदलतो, वाढतो, विरतो. माझा पट्टा सरकारी इमारतीसारखा जागचा हलला नव्हता.

रंगाचं उत्तर मेच्या हवेत होतं. त्या रात्री क्षितिजाजवळ धूळ होती आणि तिच्यावर ढगांची एक पातळ थर. जालना शहर, एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यांचे दिवे आणि हायवेवरचे ढाबे हा सगळा उजेड वर जातो, धुळीवर आणि ढगावर पडून पसरतो आणि ३०-३५ किलोमीटर आडव्या हवेतून माझ्यापर्यंत येतो. वाटेत निळा-हिरवा भाग इकडेतिकडे विखरून जातो, तांबडा उरतो. संध्याकाळचा सूर्य लाल दिसतो त्याचंच हे कारण. जानेवारीत धूळ कमी, म्हणून पट्टा पिवळा. त्यात भर म्हणजे मी अंकासाठी फोटो देताना कॉम्प्युटरवर रंग ‘जरासे’ वाढवले होते. जरासे म्हणजे किती ते विचारू नका.

मग डोळ्याला तो पट्टा का दिसला नाही, हा प्रश्न मला रूममेटनं विचारला. चांगला प्रश्न आहे. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी बघतो त्यांना रंग कळत नाही, आणि लाल तर जवळजवळ दिसतच नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा वीस सेकंद साठवतो आणि मग एकदम दाखवतो. त्यामुळे अरोरासुद्धा फिका असला की कॅमेऱ्यात लाल आणि डोळ्याला राखाडी दिसतो. इथेच माणूस फसतो. ‘डोळ्याला नाही, कॅमेऱ्याला दिसलं’ हे अरोराचं लक्षण आहे, तसंच ते शहराच्या उजेडाचंही आहे.

डोळ्याला काहीच दिसलं नाही असंही नाही. आबांना दिसत होता. चाळीस-पन्नास वर्षं रात्री बारं द्यायला उठणाऱ्या माणसाला उत्तरेचं आकाश दक्षिणेपेक्षा फिकं आहे हे कळायला कॅमेरा लागत नाही. मी त्यांना विचारलं, पूर्वीही असाच होता का? ते म्हणाले, “पहिलं नव्हता. म्या लहान असताना तिकडं काळंभोर असायचं. आता तर जालन्याकडं तोंड करून बसलं तं कंदिलाची गरज नाही.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कारखाने आले तेव्हा गावातली कितीतरी पोरं तिकडं कामाला लागली.

आता तुमच्यापैकी कुणाला खरंच प्रयत्न करायचा असेल तर. हॉस्टेलच्या टेरेसवरून जमणार नाही. रेक्टर मॅडमनी किल्ली दिली तरी समोरच्या हॅलोजनमुळे चार-पाच ठळक तारे सोडून काही येत नाही. आपण राहतो तोच तो लाल पट्टा आहे, त्याच्या आत बसून बाहेरचं दिसत नाही. गावी शेत असेल तर ते उत्तम. शहर तुमच्या पाठीशी, म्हणजे दक्षिणेला येईल अशी जागा निवडा. जालन्याची उत्तर बघायची तर भोकरदन-जाफ्राबादच्या बाजूला जायला हवं, अंबडला नाही. एकट्यानं जाऊ नका. पायात बूट. पेन्सिल टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. कॅमेऱ्याचं घड्याळ निघायच्या आधी मोबाईलशी जुळवा, आणि एक साधा, वादळ नसलेल्या रात्रीचा फोटो आधीच काढून ठेवा. तो फोटो माझ्याकडे असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

लडाखला जायचा योग आलाच तर सेटिंग जवळजवळ हीच, फक्त खरा अरोरा हलत असेल तर शटर पाच-दहा सेकंदांवर आणायचं, नाहीतर सगळं साबणाच्या फेसासारखं येतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात अंगाला लावून ठेवायची. हानलेचा परिसर २०२२ पासून राखीव काळोखाचं क्षेत्र आहे, तिथे टॉर्च मिरवायचा नाही.

संपादकांना मी विनंती केली आहे की तोच फोटो, रंग न वाढवता, या अंकात पुन्हा छापावा. ओळ मी लिहून दिली आहे : ‘जालन्याचा उजेड, अंबड तालुक्यातून. १० मे २०२४, रात्री ९.४८, भारतीय वेळ.’ चार मिनिटं वजा केली आहेत.

आबांना फोनवर हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण ओळखलं कुणी ते लिव्हलं का? तेव्हा हेही लिहिते : ओळखणारे, माझे आबा, ११ मे २०२४, दुपारी.